सरांच्या डोक्याभोवतीचं इंद्रवज्र

“बाजूला हो शिरोळे! तुझी सावली माझ्या फ्रेममध्ये घुसतेय,” उकिडवे सर ओरडले.

मी कड्याच्या काठाने डावीकडे सरकले. कड्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे वडापावची गाडी लागते. घाटमाथ्यावरचा, पश्चिमेकडे तोंड केलेला उभा कडा, एवढं पुरे. पावसाळा सरत आला होता. सकाळचं ऊन पाठीवर होतं आणि समोर जिथे कोकण दिसायला हवं होतं तिथे दरी काठोकाठ धुक्याने भरली होती. धुकं इतकं दाट, की आमच्या दोघांच्या सावल्या त्याच्यावर भिंतीवर पडाव्यात तशा पडल्या होत्या. सरांची सोला हॅट घातलेली आणि तिच्या डावीकडे माझी, उघड्या डोक्याची.

सरांनी नुकताच नवा रोल भरायला घेतला होता. थंडीने त्यांची बोटं आखडली होती.

“मी भरू का सर?”

“माझ्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. तुला ट्रायपॉड उचलायला आणलंय, तेवढं कर.”

त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं दार फटकन लावलं, आणि त्याच वेळी ते झालं. धुक्यावर रंग उमटले. आधी तांबूस, मग पिवळा, हिरवा, सगळ्यात आत निळसर उजेड. आपलं नेहमीचं इंद्रधनुष्य अर्धं असतं, हे पूर्ण गोल होतं. सावलीच्या डोक्याभोवती बांगडी ठेवावी तसं. इंद्रवज्र म्हणतात ते हेच. सूर्य बरोबर पाठीशी हवा, समोर धुकं हवं आणि आपण नेमके काठावर उभे हवेत. घाटात जन्म काढलेल्या माणसालाही ते दिसेलच असं नाही.

“शिरोळे!” सरांचा आवाज चिरकला. “आलं! अगं, माझ्या डोक्याभोवती आलं! दिसतंय ना तुला?”

“दिसतंय सर.”

“माझ्या डोक्याभोवती!”

सरांनी विचारल्यावाचून आपण होऊन बोलायची पद्धत नव्हती. मी माझा जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो काढत सुटले. उजवीकडे सरांच्या शटरचा आवाज एकसारखा येत होता. मग खालून वारा आला, धुकं फाटलं, रंग गेले आणि दरीच्या तळाशी कोकणातली भातखाचरं दिसायला लागली.

सर मटकन खाली बसले. हॅट काढून मांडीवर ठेवली आणि चक्क रडले. साठीला आलेला, ताठ मानेचा माणूस. मी त्यांना कधी हसतानाही धड पाहिलं नव्हतं.

“तीस वर्षं,” ते म्हणाले. “तीस वर्षं या कड्यावर येतोय. कोणाकोणाला दिसलं. गुराख्यांना दिसलं, पिकनिकला आलेल्यांना दिसलं. मला नाही. आज दिलं. माझ्याच डोक्यावर ठेवलं.”

मला त्या क्षणी त्यांच्याविषयी खरंच माया वाटली. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे ती शोधून सापडायची नाही.

पायथ्याच्या गावात एका घरी आम्ही उतरलो होतो. सरांच्या पत्नी, इंदूकाकू, तिथेच थांबल्या होत्या. एकट्या बाईमाणसाला घेऊन सर डोंगरात गेले असं नाशकात कोणी म्हणू नये, म्हणून त्या दरवेळी सोबत यायच्या आणि पायथ्याशी स्वेटर विणत बसायच्या. सरांनी अंगणातूनच हाक मारली.

“इंदू! अगं, मिळालं! माझ्या डोक्याभोवती!”

काकूंना इंद्रवज्राचं काही नव्हतं, नवऱ्याचं होतं. त्यांनी त्या घरच्या बाईकडून मीठमोहऱ्या मागून घेतल्या आणि सरांना पाटावर बसवून त्यांची दृष्ट काढली. सर एरवी असल्या गोष्टींवर खेकसायचे. त्या दिवशी लहान मुलासारखे बसले.

दृष्ट काढून झाल्यावर त्यांनी रोल गुंडाळायला कॅमेरा हातात घेतला. त्या काळच्या कॅमेऱ्यात डाव्या हाताला एक चक्री असायची. ती फिरवून फिल्म डबीत परत घ्यायची. फिरवताना बोटांना ओढ लागते. सरांनी चक्री फिरवली आणि थांबले. पुन्हा फिरवली. चक्री मोकळीच फिरत होती.

फिल्मचं टोक आतल्या रिळाला अडकलंच नव्हतं. घाईत असं होतं. शटर उघडतं, मिटतं, आकडा पुढे सरकतो आणि फिल्म डबीतच बसून राहते. पहिल्या वर्षाच्या मुलांना सर पहिल्याच दिवशी हे सांगायचे.

काकूंनी चहा पुढे केला तो तसाच राहिला.

“शिरोळे,” ते शेवटी म्हणाले, “तू काढलेस?”

“हो सर. पाच-सहा फ्रेम असतील.”

“दोन्ही सावल्या आल्यात?”

“आल्या असणार.”

“मग झालं. माझ्या डोक्याभोवतीचं इंद्रवज्र तुझ्या रोलवर आहे. कोणाच्या का कॅमेऱ्यात असेना, आहे ना? शटर काय, माकडही दाबतं.”

आणि त्यांनी थंडगार चहा एका घोटात संपवला.

सरांच्या वर्गाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्र्यंबक उकिडवे हे निसर्गचित्रणातलं मोठं नाव होतं. घराच्या माडीवर ते दर रविवारी संध्याकाळी पाच-सात जणांना शिकवायचे. फी घेत नसत, वेगळीच वसुली करत. आपापल्या स्लाइड, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले रंगीत फिल्मचे तुकडे, घेऊन जायच्या. सर प्रोजेक्टर लावून त्या भिंतीवर टाकायचे. आवडली तर “हं” म्हणायचे. नाही आवडली तर स्लाइड बाहेर काढून, शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन तिच्यावर आडवा ओरखडा मारायचे. स्लाइडची दुसरी प्रत नसते. ओरखडा गेला की तो सूर्योदय गेला, ते पाणी गेलं, त्यासाठी आपण पहाटे उठलो होतो तेही गेलं. आणि ओरखडा मारून झाला की विद्यार्थ्याने उभं राहून “थँक यू सर” म्हणायचं. म्हटल्याशिवाय पुढची स्लाइड लागत नसे.

बँकेत काम करणारा चंद्रात्रे नावाचा एक जण होता. प्रोजेक्टर तोच चालवायचा. त्याने एकदा गोदावरीच्या पुराची स्लाइड आणली होती, देवळांचे नुसते कळस पाण्यावर आलेले. मला ती अप्रतिम वाटली होती. सरांनी ती पाहिली आणि कर्कटक उचललं.

“लोकांची घरं वाहून जाताहेत आणि तुला त्यात रंग दिसले. बातमी आहे ही. वर्तमानपत्राला दे.” खर्र. चंद्रात्रेने उभं राहून “थँक यू सर” म्हटलं.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सरांकडे जाऊन तीन वर्षं झाली होती आणि माझी एकही स्लाइड वाचली नव्हती. “ही झाडं नाहीत, प्रभा शिरोळे झाडांपुढे उभी आहे,” असं ते म्हणायचे. “तू नसतीस तरी हा उजेड पडला असता. तुझ्यासाठी पडला असं दाखवू नकोस.” मग तुम्ही जात का होतात, असं आता मला कोणी कोणी विचारतं. जात होते, कारण सरांचं बरोबर असायचं. हीच तर पंचाईत होती. घरी येऊन ओरखडा मारलेली स्लाइड पाहिली की कळायचं, हो, नव्हतीच चांगली. मला एकच हवं होतं. एक स्लाइड त्यांच्या हातून जिवंत परत यावी.

रोल मुंबईला धुवायला पाठवला. तो परत येईपर्यंत सरांनी गावभर सांगून ठेवलं होतं. वर्गातल्या मुलांना, एका दैनिकाच्या संपादकांना, कॅलेंडर छापणाऱ्या एका शेठना. “इंद्रवज्र. माझ्या डोक्याभोवती. रविवारी या, भिंतीवर दाखवतो.” फोटो शिरोळेने काढला हेही सांगत, अगदी प्रामाणिकपणे, घरी मोलकरणीने फुलं आणली असं सांगावं तसं.

पाकीट गुरुवारी आलं. मी स्लाइड खिडकीशी धरली.

धुकं होतं, दोन सावल्या होत्या, रंगांचं कडंही होतं. इतकं सुंदर काही मी तोवर काढलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा काढलेलं नाही. पण कडं उघड्या डोक्याभोवती होतं. माझ्या. सोला हॅटची सावली शेजारी नुसती राखाडी उभी होती. मी बाकीच्या स्लाइड पाहिल्या. सगळ्यांत तेच.

खरं म्हणजे मला नवल वाटायला नको होतं, कारण कड्यावर मलाही तसंच दिसलं होतं. सर “माझ्या डोक्याभोवती” म्हणून ओरडत होते तेव्हा मी माझ्या डोक्याभोवती बघत होते. मला वाटलं, लांबून मला नीट दिसत नसेल. सरांचं चुकेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी रत्नपारखी बाईंना गाठलं. त्या विज्ञान शिकवायच्या. हडकुळ्या, कडक, कोणाच्या अध्यात न मध्यात. त्यांनी स्लाइड उजेडाला धरली, हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, दोघांचंही बरोबर आहे.”

“ते कसं?”

“सूर्याचा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आला तसा परत फिरतो. ज्याच्या पाठीमागून आला त्याच्याच डोळ्यांत परत. म्हणून ज्याला त्याला आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती कडं दिसतं. शेजारच्याचं दिसतच नाही. शंभर माणसं कड्यावर उभी केलीस तर शंभर जणांना आपापलं दिसेल, आणि प्रत्येकाला वाटेल, देवाने मलाच निवडलं.”

“आणि फोटोत?”

“फोटोत कॅमेऱ्याचं दिसणार. कॅमेरा तुझ्या डोळ्याशी होता ना? तुझ्या सरांनी काढला असता तर त्यांच्या हॅटभोवती आलं असतं. जाऊन सांग त्यांना, बरं वाटेल.”

मलाही खूप बरं वाटलं. शनिवारी संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. ते गॅलरीत उभे होते.

“सर, उद्याच्या स्लाइडबद्दल थोडं सांगायचं होतं.”

“उद्या.”

“पण सर, आधी सांगितलेलं बरं. त्यात एक...”

“शिरोळे, या घरात स्लाइड पहिल्यांदा भिंतीवर दिसते. अंधारात. सगळ्यांसमोर. माझीसुद्धा. आधी कानात सांगायला ही काय लग्नाची बोलणी आहेत? चल, घरी जा.”

काकूंनी आतून विचारलं, “प्रभा, काय गं? चांगले आलेत ना?”

“खूप चांगले आलेत काकू.”

“मग उद्या पेढे आणते,” काकू म्हणाल्या.

रविवारी माडी भरून गेली होती. खाली सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर संपादक आणि कॅलेंडरवाले शेठ. दाराशी काकू पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी चार वाक्यांत कड्याची गोष्ट सांगितली. ती ऐकताना मला पुन्हा ती सकाळ दिसली, इतकी ती खरी होती. मग ते म्हणाले, “चंद्रात्रे, लाव.”

दिवा गेला. भिंतीवर धुकं आलं.

क्षणभर सगळ्यांच्या तोंडून “अहाहा” निघालं. नंतर ते थांबलं. शेठ जरा पुढे वाकले.

“सरांची सावली टोपीवाली ना? मग हे वलय तर बाईंच्या डोक्याला आहे.”

कोणीतरी फिसकन हसलं. मी अंधारात उभी राहिले.

“सर, मी काल हेच सांगणार होते. त्याचं असं आहे की...”

“तू बस.” सर भिंतीजवळ गेले. प्रोजेक्टरच्या झोतात ते आले तशी त्यांची सावली निम्म्या चित्रावर पडली. ते नाक लावून सोला हॅटच्या त्या राखाडी डागाकडे बघत राहिले. “पुढची,” ते म्हणाले. चंद्रात्रेने पुढची लावली. “पुढची.” सगळ्या पाहून झाल्या.

“हे सँडविच आहे,” सर म्हणाले.

दोन स्लाइड एकावर एक ठेवून खोटं चित्र बनवायची एक युक्ती आहे. आमच्या धंद्यात तो आरोप म्हणजे परीक्षेत कॉपी पकडण्यासारखा.

“नाही सर. तुम्ही मला एक मिनिट बोलू द्या.”

“चंद्रात्रे, उघड ती.”

चंद्रात्रेने दिवा लावला. स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट उकलली आणि फिल्म बोटात धरून दाखवली. “एकच आहे सर,” तो हळूच म्हणाला.

इथे थांबता आलं असतं. सर हसून “मग मलाच भास झाला असेल” म्हणाले असते, तर मी रत्नपारखी बाईंचं सगळं बोलणं सगळ्यांसमोर सांगितलं असतं आणि काकूंनी पेढे वाटले असते. पण सरांनी टेबलाच्या खणातून कर्कटक काढलं.

“अहो, राहू द्या ना,” काकू दारातून म्हणाल्या.

“इंदू, तू खाली जा.” मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, “तीस वर्षं मी त्या कड्यावर पाय घासले. आणि तुला वाटलं, तो तुझ्यासाठी उघडला? तू तिथे हमाल म्हणून आली होतीस, शिरोळे. चित्रकलेच्या बाई. मुलींना कमळं काढायला शिकवणाऱ्या. आयुष्यात स्वतःपलीकडे काही दिसलंय का तुला? झाडापुढे तू, डोंगरापुढे तू, आता इंद्रवज्रातही तूच. ये इकडे. धर.”

मला पुढे बोलावून त्यांनी स्लाइड माझ्याच हातात धरायला लावली आणि ओरखडा मारला. एक झाली की दुसरी. कर्कटकाचं टोक एकदा निसटून माझ्या अंगठ्यात गेलं, ते त्यांना दिसलं, पण ते थांबले नाहीत. शेठ खुर्चीत चुळबुळले. सगळ्या संपल्या आणि सर वाट बघत उभे राहिले. कशाची ते मला ठाऊक होतं.

“थँक यू सर,” मी म्हटलं.

मी बॅग उचलली. दारापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता.

“शिरोळे. थांब. तू तिथे होतीस. कड्यावर मी तुला विचारलं, तेव्हा तू ‘दिसतंय’ म्हणालीस. म्हणालीस ना?”

“म्हणाले सर. दिसतच होतं. कोणाच्या डोक्याभोवती, ते तुम्ही विचारलं नव्हतं.”

“आता विचारतो.”

सरांचा चेहरा मी पाहिला. ते भांडत नव्हते. ते खरंच विचारत होते. मी फक्त “हो” म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. किंवा बाईंनी सांगितलेलं ते साधं वाक्य मी म्हणायचं होतं. ते माझ्या जिभेवर होतं, दोन दिवस पाठ करून आणलेलं. अंगठ्यातून रक्त येत होतं ते मी पदराला पुसलं.

“नाही सर. तुमच्या डोक्याभोवती मला काहीच दिसलं नाही. माझ्याच डोक्याभोवती होतं.”

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खरं बोलून माणसाला इतकं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सर खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसले. मी जिना उतरून घरी आले आणि पोटभर जेवले.

त्यानंतर मी त्या माडीवर गेले नाही. स्वतःच फिरायला लागले, स्वतःच स्लाइड बघायला लागले. पुढे माझं नाव झालं, प्रदर्शनं झाली. भाषणाला गेले की कोणीतरी हटकून विचारतं, मॅडम, तुमच्या संग्रहात इंद्रवज्र कसं नाही? मी सांगते, नशिबात नव्हतं, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. निसर्गाचा फोटो कसा काढावा असं विचारलं, तर सरांचंच सांगते. तुम्ही नसतात तरी हा उजेड पडला असता, हे विसरू नका म्हणून. लोक लिहून घेतात.

पण एक राहिलं. त्याच वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. दुपारी मधल्या सुट्टीनंतर मी शिक्षकांच्या खोलीत चित्रं तपासत बसले होते. पलीकडच्या टेबलाशी रत्नपारखी बाई खडू मोडून डबीत भरत होत्या. शिपाई इंदूकाकूंना घेऊन आला. मी त्यांना खुर्ची दिली. त्या खूप वाळल्या होत्या.

“प्रभा, रागावलीयेस ना?”

“नाही काकू. पाणी घ्या.”

“त्यांनी वर्ग बंद केला. कळलं असेल तुला.”

“चंद्रात्रे म्हणाले.”

“कॅमेरे कपाटात कोंडले आणि किल्ली माझ्याकडे दिली. म्हणतात, ज्याला नसलेलं दिसतं त्याने फोटो काढू नयेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एकाकडे नाही, दोघांकडे. ते म्हणतात, या वयात इतकी चांगली नजर नसते. पण ह्यांचा विश्वासच बसत नाही. म्हणतात, मला स्पष्ट दिसलं होतं इंदू, रंग मोजता येत होते. आणि ते नव्हतंच. मग आता जे दिसतंय ते तरी आहे कशावरून?” काकूंनी पदर तोंडाशी धरला. “गॅलरीत उभे राहतात आणि मला हाक मारतात. इंदू, तिथे ढग आहे ना? म्हणते, आहे. काल विचारलं, त्या झाडाला पानं आहेत ना? अगं, त्या माणसाने मला लग्नानंतर झाडं बघायला शिकवलं!”

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

“तू होतीस ना तिथे. दुसरं कोणीच नव्हतं. स्लाइडचं जाऊ दे, मला त्यातलं काही कळत नाही. त्यांना दिसलं ते होतं का? एवढंच सांग. तू सांगितलंस तर ऐकतील. तुझ्या बोलण्याचीच तर त्यांनी धास्ती घेतलीय.”

पलीकडच्या टेबलावरचा आवाज थांबला होता. रत्नपारखी बाईंनी मान वर केली. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या हसून काहीतरी बोलायला म्हणून थोड्या पुढे झाल्या.

“अहो, त्यात काय...” त्यांनी सुरुवात केली.

“बाई,” मी म्हटलं, “नववी ब खोळंबलीय तुमची. घंटा केव्हाच झाली.”

बाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवून बसले. त्या मला चार वर्षं वरिष्ठ होत्या आणि आजवर मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. कोणाच्या अध्यात न मध्यात असणाऱ्या माणसांचं एक बरं असतं, त्यांना फार ढकलावं लागत नाही. बाईंनी खडूची डबी उचलली, दारापर्यंत गेल्या, तिथे एकदा घुटमळल्या आणि वर्गावर निघून गेल्या.

“काय म्हणत होत्या त्या?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. त्यांना सगळ्यांत बोलायची सवय आहे.”

“मग सांगू काय मी ह्यांना?”

त्या रविवारी माडीवर मी बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. आता काकू ज्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या, त्या डोळ्यांना उत्तर द्यायला तेवढं पुरणार नव्हतं.

“सांगा, शिरोळे म्हणाली, तिथे तसं काही नव्हतं,” मी म्हटलं. “धुकं होतं.”

काकूंनी मान डोलावली. पाणी न पिता त्या उठल्या आणि पिशवी सावरत पायऱ्या उतरून गेल्या. मी चित्रांचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. त्या दिवशी मला फार हलकं वाटत होतं. आठवीच्या मुलींनी गावचा डोंगर काढला होता, बहुतेकींचा भलतीकडेच कललेला. मी सगळ्यांना भरभरून गुण दिले.